अद्भुतरम्य कादंबरी आणि व्हाइटफील्डचा कुमार वाचक

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात ‘अद्भुतरम्य’ ह्या संज्ञेला एक ठरावीक कालखंड नेमून दिलेला आहे. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. १८८५ मध्ये हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ वाचकांसमोर येऊ लागली. ह्या दोन सनांच्या दरम्यान अद्भुतरम्य कादंबरी जन्मली, लोकप्रिय झाली आणि वास्तववादाचा उदय होताच मावळली, असे चित्र पदव्युत्तर वर्गांतून वर्षानुवर्षे रेखाटले जाते. साध्वी नायिका, कपटी खलपुरुष, संकटांची मालिका, वेषांतरे, योगायोग आणि अखेरीस पुनर्मीलन ही त्या कादंबरीची सामग्री. तिच्याविषयी बोलताना समीक्षकांच्या स्वरात एक वडीलकीचे हसू असते. भाषेच्या बालपणीच्या खोड्या आठवाव्यात तसे. परंतु गेल्या दोन दशकांत इंग्रजीत कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या प्रेमकथांनी व अद्भुतकथांनी जो विस्तार केला आहे, तो पाहता हे हसू आवरते घ्यावे लागेल. प्रेम आणि अद्भुत यांचे मिश्रण करणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजी ग्रंथव्यवहाराने अलीकडे ‘रोमँटसी’ असे जोडनाव दिले. मराठीजवळ असे जोडनाव शतकाहून अधिक काळ पडून होते. नाव राहिले, वाचक मात्र दुसऱ्या भाषेत निघून गेला.

तो कोठे गेला हे पाहण्यासाठी बेंगळूरुच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे ठिकाण सोयीचे आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवर जगणारी वसाहत म्हणून हे गाव वसले आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव त्याला मिळाले. येथील जुन्या ‘वेव्हर्ली इन’ ह्या विश्रामगृहाच्या मालकाची कन्या आणि तरुण विन्स्टन चर्चिल यांच्या प्रेमाची एक दंतकथा गावात अजून सांगितली जाते. १८९६ नंतर काही काळ चर्चिल बेंगळूरुच्या छावणीत होता एवढेच त्यात निर्विवाद; बाकीचे रसिकांनी रचलेले. विश्रामगृहाचे नाव सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीची आठवण देणारे असावे, हाही योग लक्षणीय. रम्यकथेला लागणारी भूमी येथे पूर्वीपासूनच तयार होती म्हणायची.

मराठीच्या दृष्टीनेही हे शहर परके नाही. १६३८ च्या सुमारास बेंगळूरु शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. इतिहासकारांनी ह्या ग्रंथाकडे शहाजींच्या दरबाराचे साधन म्हणून पाहिले, आणि १९२२ मध्ये तो प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी जोडलेली प्रदीर्घ प्रस्तावना मूळ काव्यापेक्षा अधिक वाचली गेली. तथापि चंपूचा आरंभ आहे तो राधा-माधवांच्या प्रणयाचा. अनेक भाषा एका छपराखाली नांदविणारे, प्रेमकथेपासून राजसभेकडे वळणारे हे लेखन आजच्या व्हाइटफील्डमधील कोणत्याही मराठी घराला, निदान भाषांच्या संख्येपुरते, ओळखीचे वाटावे.

ही घरे मुख्यतः माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायामुळे आली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय टेक पार्क सुरू झाले, त्यामागून निवासी संकुले उठली, आणि पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथून आलेल्या अभियंत्यांनी येथे संसार थाटले. २०२३ मध्ये मेट्रो काडुगोडीपर्यंत पोहोचली. तरी गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळ व्हाइटफील्डच्या रहिवाशाला लांबच. येथे वाढणारे मूल आजीशी मराठी बोलते, वर्गात इंग्रजी, खेळाच्या मैदानावर हिंदी-इंग्रजीचे मिश्रण, आणि रिक्षाचालकाशी कन्नड. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड शिकविणे बंधनकारक केले, ते उचितच आहे. मात्र शालेय वेळापत्रकात मराठीला जागा उरत नाही. लहान वयात ही उणीव फारशी जाणवत नाही. बेंगळूरुतच असलेल्या ‘प्रथम बुक्स’ ह्या संस्थेची मराठी चित्रपुस्तके आहेत, आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर ती विनामूल्यही वाचता येतात. दहा-अकरा वर्षांपर्यंत आई रात्री काहीतरी मराठी वाचून दाखविते. त्यानंतर मुलगी आपले पुस्तक आपण निवडू लागते, आणि तिच्या उशाशी रोलिंग, स्टेफनी मायर, जेनी हान, सारा जे. मास यांची पुस्तके दिसू लागतात. मराठी ही बालपणीची आणि पुढे कधीतरी प्रौढपणी आठवणीने जवळ केलेली भाषा होते. अधल्यामधल्या वयाला ती पुरत नाही. हरिभाऊंनी आपल्या कादंबरीला दिलेले नाव ह्या वयालाच अधिक शोभले असते.

प्रश्न ग्रंथसंख्येचा नाही. मनुष्य ज्या भाषेत प्रेमाविषयी प्रथम वाचतो, त्या भाषेत तो प्रेम करावयास शिकतो. तेराव्या ते सतराव्या वर्षांत ज्या भाषेने मुलाला शब्द पुरविले नाहीत, त्या भाषेत पुढे तो बाजारहाट करील, आजारपण सांगेल, सणवार साजरे करील. मन उघडे करावयाची वेळ आली की भाषा बदलील. व्हाइटफील्डमध्ये हे घडते आहेच, पण कोथरूड किंवा डोंबिवली येथेही ते घडत नाही असे समजण्याचे कारण नाही. व्हाइटफील्डमध्ये ते फक्त लवकर आणि स्पष्ट दिसते.

मराठीने ह्या वयाची कादंबरी का लिहिली नाही, ह्याचे उत्तर तिच्या समीक्षेत शोधावे लागते. काशिनाथ बापूजी मराठे यांनी १८७२ मध्येच नावल आणि नाटक यांवरील आपल्या निबंधात अद्भुताच्या अतिरेकाला हरकत घेतली होती. राजवाडे यांच्या १९०२ मधील ‘कादंबरी’ ह्या निबंधाने अद्भुत आणि वास्तव ह्या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीर विचार केला. परंतु पुढील समीक्षेने त्यातले गांभीर्य सोडून वर्गवारी तेवढी उचलली. अद्भुत म्हणजे अप्रगल्भ, हे समीकरण मग रूढ झाले. त्यानंतर अद्भुताला मराठीत प्रवेश नाकारला गेला असे नव्हे, त्याला परवाना मागितला जाऊ लागला. पुराणाचा परवाना असेल तर चालेल: ‘ययाति’ (१९५९) मध्ये शाप, तारुण्याची अदलाबदल, अतृप्त प्रणय हे सारे आहे, आणि कित्येक पिढ्यांनी ती सोळाव्या वर्षी चोरून वा उघड वाचली आहे. इतिहासाचा परवाना असेल तरी चालेल. विज्ञानाचा असेल तर उत्तमच. जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’ने (१९७९) बुद्धिवादी घरांतील मुलांना आश्चर्याचा अधिकृत मार्ग मोकळा करून दिला. भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ साहसाच्या परवान्यावर आला. प्रेमालाही तसाच परवाना लागे, सामाजिक प्रश्नाचा. केवळ आश्चर्यासाठी आश्चर्य आणि केवळ ओढीसाठी ओढ, आणि तीही पंधरा वर्षांच्या वाचकासाठी, हे मात्र परवान्याच्या कोणत्याच रकान्यात बसले नाही. नारायण धारपांचे भयाद्भुत वाचनालयांतून झिजून जाईतो वाचले गेले. समीक्षेने त्याची दखल घेण्याचे बहुधा टाळले.

तरीही मराठीत कुमारवयीन प्रेमाचे लेखन नाही, हे विधान खरे ठरणार नाही. दोन नावे तर तत्काळ समोर येतात, आणि दोन्ही उच्च प्रतीची आहेत. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) नववीतील मुकुंद जोशी आणीबाणीच्या पार्श्वभूमीवर एका मुलीकडे ओढला जातो. ही मुलगी त्याच्या मनात सबंध कादंबरीभर ‘शिरोडकर’ असते, आडनावाने. मुलामुलींमधील अंतर हजेरीपटाच्या ह्या एका रीतीतून जितके व्यक्त होते, तितके ते कोणत्याही वर्णनाने झाले नसते. ‘लाइन’ ह्या शालेय शब्दाभोवती बोकिलांनी एक संपूर्ण नीतिशास्त्र उभे केले आहे: कोणी पाहावे, कोणी वळून पाहावे, कोणी मित्राच्या वाटेत येऊ नये. कुमारवयीन प्रेमाची मराठी परिभाषा म्हणून इतके बारकाईचे दुसरे लेखन क्वचितच आढळेल.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) ह्या चार संग्रहांतील लंपन त्याहून लहान; आजी-आजोबांकडे राहणारा, सुमी ह्या मैत्रिणीच्या सान्निध्यात काहीतरी होते आहे एवढेच उमगणारा. येथे आकड्यांची वेडीवाकडी अतिशयोक्ती, स्वतःला ‘मॅड’ ठरविण्याची सवय आणि बेळगावकडील बोलीत सहज मिसळलेली कन्नड ह्यांतून एक असे गद्य सिद्ध झाले आहे की ज्याचे अनुकरण करणे कठीण. व्हाइटफील्डच्या मुलाला ह्या पुस्तकांकडे वळविताना एक गोष्ट उपयोगी पडावी. पुण्याच्या वाचकाला लंपनची जी कन्नड अडखळविते, ती ह्या मुलाच्या कानाला आधीच सवयीची आहे. कन्नड आली म्हणून मराठी अशुद्ध झाली, असे घरात ऐकलेल्या मुलाला ती मराठी मौजेसारख्या प्रकाशनाच्या पुस्तकात छापलेली दिसणे, ही काही थोडी गोष्ट नव्हे. २०२४ मध्ये ‘लंपन’ ही दृश्यमालिका आल्यानंतर नावाची ओळखही झाली आहे.

मात्र ह्या दोन्ही लेखकांचा अभिप्रेत वाचक कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. निवेदक मुलगा आहे, परंतु पुस्तक ज्याच्यासाठी लिहिले आहे तो वाचक ते वय मागे टाकून आलेला आहे. त्याला शाळेच्या घंटेचा, मधल्या सुट्टीचा, अर्धवट बांधलेल्या इमारतीचा उल्लेख होताच काहीतरी आठवते. ज्याला अजून काही आठवण्याजोगे घडलेलेच नाही, त्याच्यासाठी ह्या लेखनात विशेष तरतूद नाही. म्हणूनच की काय, मराठीतील कुमारप्रेम सहसा गमावण्यात संपते. ‘शाळा’तील मुलगी गाव सोडून जाते. स्मरणाच्या दृष्टीने हा शेवट अपरिहार्य आहे, कारण जे गमावले नाही त्याची आठवण काढावी लागत नाही. पंधरा वर्षांच्या वाचकाला मात्र उद्या शाळेत जावयाचे असते. त्याचे कुतूहल पुढे काय झाले ह्याविषयीचे नसून आता काय करावे ह्याविषयीचे असते. इंग्रजी कुमारकादंबरीचे सामर्थ्य आणि पुष्कळदा तिचा सवंगपणाही येथेच आहे: ती वाचकाच्या वर्तमानाशी बोलते.

मराठी मुलगा-मुलगी वाचतात त्या कादंबऱ्यांमधून निवड करावयाची झाल्यास काही निकाल स्पष्ट द्यावे लागतील. मायर यांच्या ‘ट्वायलाइट’विषयी (२००५) पालकांना वाटणारी भीती चुकीच्या दिशेने जाते. रक्तपिपासू नायकामुळे ती धोकादायक नाही. तिचा नायक निद्रिस्त नायिकेवर रात्री पहारा करतो, तिच्या वतीने निर्णय घेतो, आणि विवाहापूर्वी मर्यादा ओलांडत नाही; नायिकेची सारी शक्ती त्याच्यासाठी सर्वस्व सोडण्यात खर्च होते. हे सारे नवे नाही. एकोणिसाव्या शतकातील आपल्या साध्वी नायिकांचा आदर्श येथे अमेरिकेतील पावसाळी गावात पुन्हा अवतरला आहे. ‘मुक्तामाला’ला हसणाऱ्या घरात ‘ट्वायलाइट’ कौतुकाने वाढदिवसाला दिली जाते, हा विनोद लक्षात घेण्यासारखा आहे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ची (२०१५) गोष्ट निराळी. ती आरंभी कुमारवाचकांची म्हणून आली आणि पुढे प्रौढांच्या दालनात हलविली गेली. तेच योग्य होते. मुलांनी ती वाचू नये असे नव्हे, पण तेराव्या आणि अठराव्या वर्षाला एकाच फळीवर बसविणे हे ग्रंथविक्रेत्याच्या सोयीचे असते, वाचकाच्या नव्हे.

जेनी हान यांची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर’ (२०१४) वरवर हलकी वाटेल. लारा जीन ही नायिका आपल्याला आवडलेल्या मुलांना पत्रे लिहिते, ती न पाठविता टोपीच्या डब्यात ठेवते, आणि एके दिवशी ती पत्रे टपालात पडतात. कथानकातील हा खटका जुन्या नाट्यछटेला शोभणारा आहे. परंतु लारा जीनची दिवंगत आई कोरियन वंशाची आहे, आणि आईबरोबर गेलेली अर्धी संस्कृती बहिणी-बहिणींनी मिळून जमेल तशी सांभाळण्याचा प्रयत्न हा ह्या प्रेमकथेचा दुसरा, अधिक टिकाऊ पदर आहे. व्हाइटफील्डमधील वाचक तो पदर न सांगताही ओळखील.

अँदलीब वाजिद ह्या बेंगळूरुच्याच लेखिका. त्यांच्या ‘अस्माराज समर’मधील (२०१६) सुखवस्तू मुलीला सुट्टीत टॅनरी रोडवर आजी-आजोबांच्या घरी राहावे लागते, त्या वस्तीची तिला लाज वाटते, आणि तिला प्रेम भेटते ते त्याच वस्तीत. २०२४ मध्ये ‘दिल दोस्ती डिलेमा’ ह्या नावाने तिचे दृश्यरूप आले. कादंबरी म्हणून ती फार खोल जात नाही. शेवटाकडे गाठी जरा चटकन सुटतात. तरी एका बाबतीत ती महत्त्वाची ठरते. आजोळची भाषा, आजोळचा पदार्थ, आजोळची गल्ली ही लज्जेची ठिकाणे असतात आणि कुमारवयात ती लज्जा प्रेमाहूनही तीव्र असते, हे तिने नोंदविले. मराठी लेखनात आजोळ नेहमीच रम्य असते. आजोळची लाज वाटलेली मराठी नायिका अजून लिहिली जावयाची आहे.

भारतीय पुराणकथांचा उपयोग करणाऱ्या अद्भुतकथांपैकी रोशनी चोक्शी यांची ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (२०१६) पुष्कळ वाचली जाते. भरत नामक राज्याची राजकन्या माया हिच्या पत्रिकेत मृत्यूशी विवाह लिहिलेला आहे. सावित्रीच्या कथेला दिलेली ही उलटी कलाटणी कल्पक आहे, यात शंका नाही. परंतु पानोपानी रत्ने, धूप, अत्तरे यांची इतकी दाटी आहे की वाचकाला हे जग परदेशी पाहुण्यासाठी सजविल्यासारखे वाटू लागते. ज्याच्या घरी वटपौर्णिमेला आजी फणस आणि आंबे वाणात ठेवते, त्याला यमाशी संवाद साधण्याकरिता इतकी सजावट लागत नाही.

ह्या सर्वांपेक्षा वेगळ्या पातळीवरचे लेखन अर्सुला ले ग्विन यांचे आहे. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये प्रत्येक वस्तूला खरे नाव असते आणि ते जाणणे हीच विद्या. गर्वाने सोडलेल्या सावलीला नायक अखेर स्वतःच्याच नावाने हाक मारतो. नाम आणि नामी यांचा विचार मराठी संतांनी इतका केला आहे की ही कल्पना मराठी घरात अपरिचित ठरू नये. परंतु कुमारवयीन मुलींसाठी त्यापुढील ‘द टूम्ब्ज ऑफ ऑट्युआन’ (१९७१) अधिक मोलाची. तेनार नावाची मुलगी लहानपणीच आईबापांकडून काढून घेतली जाते, अंधाऱ्या समाध्यांची पुजारीण केली जाते, आणि तिचे नाव तिच्यापासून हिरावले जाते. चोर म्हणून आत शिरलेला जादूगार गेड तिचा कैदी होतो, आणि तिचे नाव तिला परत देतो. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे माहेरचे नाव पुसण्याची रीत ज्या समाजात आहे, तेथे हा प्रसंग केवळ अद्भुत म्हणून वाचला जाणार नाही. व्हाइटफील्डच्या किती घरांत आजीची दोन नावे आहेत, हे नातीला माहीत असते का? हे पुस्तक वाचून तिने आजीला तसे विचारले, तर त्या संभाषणाची भाषा मराठीच असेल.

मराठीत असे काही घडलेच नाही का, ह्या प्रश्नावर कविता महाजन यांच्या ‘कुहू’कडे (२०११) निर्देश करता येतो. रानातील एक गाणारा पक्षी मानवी मुलीच्या प्रेमात पडतो, ही तिची कथावस्तू. चित्रे, संगीत, पक्ष्यांचे आवाज यांसह बहुमाध्यमी कादंबरी म्हणून ती काढण्यात आली. परवाना न मागता प्रेम आणि अद्भुत एकत्र आणणारे हे आधुनिक मराठीतील दुर्मीळ धाडस. त्यातील तत्त्वचिंतन कधीकधी कथेला जड होते, हे मान्य. परंतु समीक्षेने तिच्याकडे पाहिले ते मुख्यतः तंत्राचा प्रयोग म्हणून. आणि तंत्र किती लवकर जुने होते! ज्या तबकडीवर ते आवाज आहेत ती चालविणारे यंत्र संगणक-अभियंत्यांच्या घरांतूनही नाहीसे झाले आहे. पक्षी मुका झाला तो असा.

भाषांतराचा मार्ग राहतो. रोलिंग यांच्या मालिकेचे मराठी भाषांतर भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले, आणि पहिल्या भागाच्या शीर्षकात ‘परीस’ हा शब्द आला. हा निर्णय विचार करण्याजोगा आहे. पाश्चात्त्य किमयागारांचा दगड दोन गोष्टी देतो, सुवर्ण आणि अमरत्व. कथेतील खलनायकाला हवे असते ते दुसरे. आपला परीस लोखंडाचे सोने करतो, आयुष्य वाढवीत नाही. अर्थाचा अर्धा भाग त्यामुळे वाटेत सांडतो. उलट संतकवितेतील लोखंड-परिसाच्या दृष्टान्ताने सत्संगाचा जो अर्थ त्या शब्दात मुरला आहे, तो मूळ इंग्रजीत नाही. आणि मैत्रीने मुले बदलत जाण्याच्या ह्या कथेला तो विजोड नाही. भाषांतरात असे काही हरवते आणि काही अनपेक्षितपणे हाती लागते.

प्रेमकथेच्या भाषांतरात अडचण अधिक मूलभूत आहे. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून मराठी माणसाच्या तोंडी क्वचितच येते. पुण्यातही ते इंग्रजीतच उच्चारले जाते. ‘लाइन’ हा शब्द मुलांच्या पाहण्याचा आहे, मुलीच्या मनाचा नाही. मुलीने पहिल्याने अनुभवलेल्या ओढीला, जिला इंग्रजी मुले आज ‘क्रश’ म्हणतात, मराठीत उपहास वा बदनामी यांचा वास नसलेला शब्द शोधून पाहावा. ‘शाळा’मध्येही शिरोडकरचे मन आपल्याला मुकुंदाच्या नजरेतूनच दिसते. हा शब्द कोशकार देणार नाहीत. तो कादंबरीत घडावा लागतो, आणि ती कादंबरी पंधरा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली असावी लागते.

इंग्रजीला नसलेल्या काही सोयी मराठीपाशी आहेत, ही बाब भाषांतरकाराने विसरू नये. इंग्रजीतील प्रथमपुरुषी निवेदक आपले लिंग पानेच्या पाने झाकून ठेवू शकतो; मराठीत ‘मी गेले’ म्हणताक्षणी मुलगी समोर उभी राहते. सर्वनामांचे तर विचारावयास नको. वर निर्दिष्ट केलेल्या कादंबऱ्यांपैकी एकच मराठीत आणावयाची झाल्यास ‘द टूम्ब्ज ऑफ ऑट्युआन’ आणावी. भुयारातील त्यांच्या संभाषणांत तेनार आणि गेड एकमेकांना सतत संबोधतात, आणि इंग्रजीत त्या सर्वांसाठी एकच शब्द आहे. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागेल. पुजारीण कैद्याला ‘तू’ म्हणेल. कैदी पुजारिणीला प्रथम ‘आपण’ म्हणेल, कदाचित उपरोधाने. तिचे नाव तिला परत मिळते त्या क्षणी तो ‘तू’वर येईल का? आणि ती, वयाने लहान, आता देवीही न उरलेली, ‘तुम्ही’कडे वळेल की ‘तू’च म्हणत राहील? मूळ लेखिकेला हा निर्णय घ्यावा लागला नव्हता.